श्रद्धा, धाव आणि मानसिक आघात : लुई झाम्पेरिनी व पंडिता रमाबाई ह्यांच्या अनुषंगाने

‘मानसिक आघात’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे फार सैलपणे केला जातो. परीक्षेतील अपयशापासून आप्ताच्या मृत्यूपर्यंत सर्वच प्रसंगांना तो लावण्यात येतो. मानसरोगशास्त्राला अभिप्रेत असलेला अर्थ ह्याहून बराच मर्यादित आहे. १९८० साली अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘आघातोत्तर ताणविकृती’ ही स्वतंत्र विकृती म्हणून नोंदविली. तिचा गाभा असा, की झालेली घटना आठवणीत जमा होण्याऐवजी पुनःपुन्हा घडतच राहते. रुग्ण ती स्वप्नात पाहतो, तिची आठवण देणारी स्थळे व माणसे टाळतो आणि त्याचे शरीर, धोका टळून वर्षे लोटली तरी, सदैव पहाऱ्यावर उभे असल्यासारखे ताणलेले राहते. ह्या विकृतीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग म्हणून दीर्घ पल्ल्याची धाव आणि ख्रिस्ती श्रद्धा ह्यांची सांगड अलीकडे, विशेषतः पाश्चात्त्य देशांत, घातली जाते. ती कितपत टिकते ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा प्रश्न पांढरकवड्यासारख्या ठिकाणाहून विचारला म्हणजे त्याला निराळे वजन येते. केळापूर तालुक्याचे हे ठाणे कापसाच्या मुलखात आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारने २००६ साली ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. त्या योजनेत कर्ज, सिंचन, बियाणे ह्यांचा विचार होता. मागे राहिलेल्या बाईच्या झोपेचा विचार तीत असण्याचे कारण नव्हते. पुढे ह्याच वनविभागात ‘टी-१’ ह्या वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे मृत्यू नोंदले गेले. २ नोव्हेंबर १९१८ चा काळ नव्हे, तर २ नोव्हेंबर २०१८ ह्या अगदी अलीकडच्या दिवशी ती मारली जाईपर्यंत आसपासच्या गावांतील माणसांना स्वतःच्या शेताची वाटही परकी झाली होती. ज्या समाजात घराबाहेर पडून चालणे हीच भीतीची गोष्ट होऊन बसते, तेथे ‘धावल्याने मन बरे होते’ हे विधान तपासून पाहणे भाग आहे.

आधी शरीराची बाजू घेऊ. धावताना हृदयाचे ठोके वाढतात, धाप लागते, घाम सुटतो. भीतीचा झटका आला असताना होणारे शारीरिक बदलही नेमके हेच होत. आघातग्रस्त माणूस ह्या लक्षणांनाच भिऊ लागलेला असतो. छातीत धडधड झाली की तिचा अर्थ तो ‘संकट आले’ असा करतो. नियमित धावणाऱ्याला हीच धडधड दररोज, स्वेच्छेने आणि कोणतेही संकट न येता अनुभवावी लागते. अशा रीतीने धडधड आणि संकट ह्यांचे जुळलेले साहचर्य हळूहळू सुटत जाते. धावण्यानंतर वाटणाऱ्या प्रसन्नतेचे श्रेय पूर्वी एंडॉर्फिन ह्या द्रव्यांना दिले जाई. अलीकडील प्रयोगांवरून ते श्रेय शरीरातच तयार होणाऱ्या गांजासदृश द्रव्यांकडे अधिक जाते असे दिसते. तथापि ही प्रसन्नता काही तासांची असते, आणि तिच्यावर उपचाराची इमारत उभारता येत नाही. ऑस्ट्रेलियात ८१ रुग्णांवर झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना बारा आठवड्यांच्या व्यायामाची जोड दिली असता लक्षणे अधिक कमी झाली. पण त्या व्यायामात स्नायूंना बळ देणारे प्रकार व चालणे होते, दीर्घ पल्ल्याची धाव नव्हती. आणि तो उपचारांच्या जोडीला होता, त्यांच्या जागी नव्हता. धावण्याचे भक्त ह्या दोन्ही गोष्टी सोयीस्करपणे विसरतात.

श्रद्धा व धाव ह्यांच्या सांगडीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकन धावपटू लुई झाम्पेरिनी. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटरच्या शर्यतीत तो आठवा आला. महायुद्धात २७ मे १९४३ रोजी त्याचे विमान प्रशांत महासागरात कोसळले. ४७ दिवस तो तराफ्यावर वाहत राहिला आणि अखेर जपान्यांच्या हाती लागला. पुढील दोन वर्षे त्याने ओफुना, ओमोरी व नाओएत्सु येथील छावण्यांत काढली. छावणीत त्या उपाशी देहाला पहारेकऱ्यांच्या करमणुकीसाठी शर्यतीतही उतरविण्यात आले. अभ्यासकाने ह्या तपशिलापाशी थांबले पाहिजे. कारण जी क्रिया ह्या माणसाची ओळख होती, तीच येथे मानहानीचे साधन झाली.

सुटकेनंतर त्याने १९४८ च्या ऑलिंपिकसाठी पुन्हा सराव सुरू केला. लोकप्रिय कल्पनेप्रमाणे येथूनच त्याच्या बरे होण्यास आरंभ व्हावयास हवा होता. घडले ते उलट. दुखापतीने सराव संपला, मद्यपान वाढले, रात्रीच्या स्वप्नांत छावणीतील छळ करणारा वातानाबे येत राहिला आणि संसार मोडण्याच्या बेतास आला. ह्या काळातील त्याचे धावणे म्हणजे भूतकाळाकडे पाठ फिरवून केलेले पलायन होते. टाळणे हे आघाताचे लक्षण आहे हे आपण वर पाहिले. ते लक्षण धावण्याच्या रूपानेही प्रकट होऊ शकते.

१९४९ साली पत्नीच्या आग्रहावरून तो लॉस एंजेलिस येथे बिली ग्रॅहम ह्यांच्या सभांना गेला आणि तेथे त्याने ख्रिस्ती श्रद्धेचा स्वीकार केला. त्या रात्रीपासून ती स्वप्ने थांबली असे तो आयुष्यभर सांगत असे. हे त्याचे स्वतःचे निवेदन आहे, आणि एका माणसाच्या निवेदनावरून नियम काढता येत नाही हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सांगावयास नको. मला ह्या घटनेपेक्षा तिच्या पुढची घटना अधिक बोलकी वाटते. १९५० साली तो टोकियोच्या सुगामो तुरुंगात गेला व तेथे बंदिवान असलेल्या आपल्या माजी पहारेकऱ्यांना समोरासमोर भेटला. ज्या देशापासून तो मनाने पळत होता तेथे तो स्वतःच्या पायांनी परतला, आणि परतण्याचे कारण त्याला क्षमेच्या शिकवणीने पुरविले. १९९८ साली, वयाच्या ८१ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, नागानो हिवाळी ऑलिंपिकची ज्योत घेऊन तो जुन्या छावणीच्या त्याच नाओएत्सु परिसरात धावला. वातानाबेने भेट नाकारली ती नाकारलीच. ह्या शेवटच्या धावेला उपचार म्हणण्यापेक्षा बरे झाल्याची खूण म्हणणे योग्य होईल.

ख्रिस्ती परंपरेत धावण्याची प्रतिमा नवी नाही. पौलाच्या पत्रांतून श्रद्धावंताच्या आयुष्याला शर्यतीची उपमा वारंवार दिलेली आढळते. पण उपमा उपचार करीत नाही. केनेथ पार्गमेंट ह्या मानसशास्त्रज्ञाने संकटातील धार्मिक वर्तनाचे दोन प्रकार केले आहेत. एकात ईश्वर सहप्रवासी म्हणून अनुभवास येतो व माणूस आपल्या मंडळीकडे आधारासाठी वळतो. दुसऱ्यात संकट ही ईश्वराने दिलेली शिक्षा ठरते आणि माणूस अपराधभावात रुततो. पहिला प्रकार सावरण्याशी व दुसरा बिघडण्याशी निगडित असल्याचे पुढील अभ्यासांत दिसून आले. म्हणजे श्रद्धेचीही गत धावेसारखीच आहे. ती माणसाला दुःखाकडे व माणसांकडे परत नेते, की दोहोंपासून दूर नेते, ह्यावर सर्व अवलंबून आहे.

आपल्याकडे ह्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. तेथे धाव नाही, पायपीट आहे. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील व थोरली बहीण डोळ्यांदेखत गेल्यानंतर रमाबाई व बंधू श्रीनिवास ह्यांनी देशभर पायी भ्रमंती केली आणि १८७८ साली ते कलकत्त्यास पोहोचले. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्याला त्या वेळी ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनी गवसला, अशा आशयाचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. झाम्पेरिनीच्या एका रात्रीशेजारी ही आठ वर्षे ठेवून पाहावीत. माझ्या मते बहुसंख्य माणसांच्या बाबतीत रमाबाईंची गतीच खरी असते.

त्याहून महत्त्वाचे पाऊल १८९६–९७ च्या दुष्काळात पडले. मध्य प्रांतात उपासमार सुरू झाल्याचे कळताच रमाबाई तिकडे गेल्या. स्वतः भोगलेल्या दुष्काळाच्या आठवणींनीच आपल्याला उठविले, असे त्यांचे सांगणे आहे. तेथून त्यांनी शेकडो मुली व विधवा आणल्या आणि केडगावास ‘मुक्ती’ उभी राहिली. तेथे प्रार्थना होती, तशीच शेती, विणकाम व छापखाना होता; दिवसाला ठरलेला क्रम होता आणि भोवती तशाच प्रसंगातून आलेल्या बायका होत्या. ज्युडिथ हर्मन ह्यांनी १९९२ साली आघातमुक्तीचे जे तीन टप्पे मांडले, म्हणजे सुरक्षितता, आठवण व शोक, आणि लोकांत पुन्हा मिसळणे, त्यांतील पहिला व तिसरा केडगावच्या दिनक्रमात स्पष्ट दिसतात. दुसऱ्याला किती वाव मिळाला ह्याविषयी मात्र शंका घेण्यास जागा आहे. संस्थेच्या शिस्तीत शोकाला नेहमीच थोडी जागा मिळते.

आता केळापूर तालुक्याकडे पुन्हा वळू. शेतात दिवसभर वाकून निंदण करणाऱ्या व कापूस वेचणाऱ्या विधवेला पहाटे पाच मैल धावण्याचा सल्ला देणे हास्यास्पद होय. तिच्या देहाला श्रमाची उणीव नाही. उणीव आहे ती स्वेच्छेने केलेल्या, सोबतीच्या व कोणाच्या देण्याखाली न दबलेल्या हालचालीची. बारामतीच्या लता करे ह्यांनी २०१४ साली पतीच्या औषधोपचारासाठी नऊवारीत, अनवाणी शर्यत जिंकली, तेव्हा वृत्तपत्रांनी ती स्फूर्तिकथा म्हणून छापली. वस्तुतः तेथे धाव हा उपचार नव्हता, उपचाराचा खर्च होता. तसेच ख्रिस्ती समाज ह्या जिल्ह्यात अल्पसंख्य आहे. १९५३ ते १९८३ ही तीस वर्षे युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळास होती, ती नंतर पुण्यास गेली. त्यामुळे मंडळीचे जे कार्य वर वर्णिले, ते येथे बहुतेकांच्या बाबतीत भजनी मंडळ, दिंडी किंवा बचत गट ह्यांतच शोधावे लागेल. पायांची लय व नामाची लय एकत्र बांधण्याची कला वारीने महाराष्ट्राला केव्हाच शिकविली आहे, आणि रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती भक्तीसाठी अभंगाचा घाट स्वीकारला तो काही केवळ छंदाच्या आवडीने नव्हे.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ ह्या उपक्रमाने तीस गावांत स्थानिक कार्यकर्त्यांकरवी नैराश्यग्रस्तांपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे कार्यकर्ते मानसरोगतज्ज्ञ नव्हते. ते गावात पायी फिरून घरोघरी बसणारे व ऐकून घेणारे लोक होते. पांढरकवड्याच्या परिसरात असे काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रश्नावलीत लक्षणांच्या नोंदीबरोबर आणखी काही गोष्टी विचाराव्यात : घटनेनंतर ही व्यक्ती शेताच्या त्या वाटेने पुन्हा गेली काय, किती दिवसांनी गेली, आणि त्या वेळी तिच्यासोबत कोण होते.