व्याधिक्षमत्वाची स्मृती आणि गोवर

पुष्य नक्षत्राच्या दिवशी सुवर्णप्राशनासाठी बालकांना घेऊन येणारे पालक आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात : "डॉक्टर, याने प्रतिकारशक्ती वाढते ना? मग गोवराची लस राहिली तर चालेल ना?" प्रश्न साधा वाटतो, परंतु वैद्याने त्याचे गुळमुळीत उत्तर दिल्यास ते बालकाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून गोवराचेच उदाहरण घेऊन शरीराची प्रतिकारयंत्रणा कसे कार्य करते, याचा विचार येथे करीत आहोत.

शास्त्रोक्त विचार

सर्व शरीरे व्याधिक्षमत्वास सारखीच समर्थ नसतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात स्पष्ट केले आहे. अतिस्थूल, अतिकृश, दुर्बल, असात्म्य आहारावर पोसलेली, अल्पाहारी आणि अल्पसत्त्व शरीरे व्याधी सहन करू शकत नाहीत. टीकाकार चक्रपाणी यांनी या संज्ञेचे दोन अर्थ उलगडून दाखविले : उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बलास विरोध करणे आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणे. हा भेद ध्यानी घेऊन आधुनिक विज्ञानाकडे वळू.

प्रतिकाराच्या दोन पातळ्या

त्वचा, श्लेष्मलकला आणि जठरातील आम्ल हे शरीराचे पहिले संरक्षण होय. ते ओलांडून जंतू आत शिरला, की भक्षकपेशी काही तासांतच त्याच्याभोवती जमतात. तेथे उष्णता, रक्तिमा, सूज व वेदना ही शोथाची लक्षणे दिसतात. ही पातळी शीघ्र आहे. परंतु एका विषाणूस दुसऱ्यापासून ती नेमकेपणाने ओळखत नाही.

दुसरी पातळी लसीकाग्रंथींत कार्यरत होते. तेथे जंतूचे अंश आणून दाखविले जातात. लक्षावधी लसीकापेशींपैकी ज्यांची रचना त्या अंशाशी जुळते, त्याच वाढू लागतात. यास आठवडा वा अधिक काळ लागतो. यांतील 'बी' पेशींपासून प्रतिपिंडे निर्माण होतात, तर 'टी' पेशी विषाणूने ग्रासलेल्या पेशींचा नाश करतात.

गोवरात, म्हणजे आपल्या रोमान्तिकेत, संसर्गानंतर सुमारे दोन आठवड्यांनी अंगावर पुरळ दिसतो. तो प्रामुख्याने त्वचेतील ग्रस्त पेशींवर 'टी' पेशींनी केलेल्या आक्रमणाचा परिणाम असतो. म्हणूनच ज्या बालकांत या पेशी अत्यंत दुर्बल असतात, त्यांना गंभीर गोवर होऊनही पुरळ न उमटण्याची शक्यता असते. रोग शमल्यावर काही पेशी 'स्मृतिपेशी' म्हणून मागे राहतात व तोच विषाणू पुन्हा आल्यास त्यास रुजू देत नाहीत. चक्रपाणींचा दुसरा अर्थ येथे सहज आठवतो.

गोवर स्मृतीच पुसतो

गोवराचा खरा घात पुढे आहे. हा विषाणू स्मृतिपेशींतच शिरून त्यांचा नाश करतो. लस न घेतलेल्या बालकांच्या रक्ताच्या अभ्यासातून २०१९ मध्ये असे दिसून आले, की गोवरानंतर त्यांच्या पूर्वसंचित प्रतिपिंडांच्या वैविध्यापैकी ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा झाला होता. म्हणजे पूर्वी ज्या जंतूंवर बालकाने मात केली, तेच त्यास पुन्हा नवे होतात. पुरळ मावळल्यावरही पुढे न्यूमोनिया वा अतिसार बालकास का गाठतो, याचे एक कारण येथे सापडते. "गोवर अंगावर नीट फुटला, आता काळजी नाही," ही घरोघरची समजूत म्हणूनच धोक्याची आहे.

लसीतील दुर्बल केलेला विषाणू गोवराची ओळख करून देतो. मात्र उपरोक्त अभ्यासात लसीमुळे इतर स्मृतीची अशी हानी आढळली नाही. मातेकडून गर्भास मिळालेली प्रतिपिंडे लसीच्या कार्यास अडथळा आणतात व काही महिन्यांत ओसरतात. यास्तव आपल्याकडे पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. पहिल्या मात्रेने सर्वच बालकांत संरक्षण निर्माण होत नाही, म्हणून दुसरी मात्रा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असते. लसीकरण राहून गेले की काय होते, हे २०२२ मध्ये मुंबईतील उद्रेकात बालमृत्यूंच्या रूपाने आपण पाहिले.

आपले कर्तव्य

सहज, कालज व युक्तिकृत असे बलाचे तीन प्रकार शास्त्रात सांगितले आहेत. योग्य आहार, निद्रा व अग्निरक्षण यांनी शरीर समर्थ होते, यात शंका नाही. कुपोषित बालकास गोवर अधिक घातक ठरतो, हे आधुनिक वैद्यकही सांगते. परंतु गोवराच्या विषाणूची नेमकी ओळख लसीकापेशींना कोणतेही रसायन करून देऊ शकत नाही. ओज म्हणजेच प्रतिपिंडे, असे सोपे समीकरण मांडण्याचा मोहही टाळावा. तसेच प्रतिकारशक्ती नुसती 'वाढविणे' हे ध्येय नव्हे. आमवातात ऱ्हुमॅटॉइड संधिशोथासारखे जे रुग्ण आपण पाहतो, त्यांच्यात हीच यंत्रणा स्वतःच्या सांध्यांवर उलटलेली असते. अभीष्ट आहे ते साम्य.

म्हणून आमच्या चिकित्सालयात आम्ही एक नियम केला आहे. सुवर्णप्राशनासाठी आलेल्या प्रत्येक बालकाचे लसीकरण कार्ड प्रथम पाहावयाचे. गोवराची मात्रा राहिली असेल, तर पालकांस त्याच आठवड्यात नजीकच्या आरोग्यकेंद्रात जाण्यास सांगावयाचे आणि पुढच्या पुष्य नक्षत्रास त्याची आठवणीने चौकशी करावयाची. पालक आपल्या शब्दावर विश्वास ठेवतात. त्या विश्वासाचा उपयोग बालकाच्या रक्षणासाठीच व्हावयास हवा. वैद्यबंधूंनी व भगिनींनी हा नियम अवश्य अंगीकारावा, ही विनंती.