पाइपाभोवतीची फट बुजवा, साप बाहेर ठेवा

तायांनो, साखरशेतकडे कुडाच्या घरांच्या जागी आता घरकुलं उभी राहतायत. मोरीचा, संडासाचा, नळाचा पाइप घालायला कोब्याला भोक पाडतात आणि पाइपाभोवतीची फट तशीच राहते. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून उंदराचं पिल्लू शिरतं. उंदरामागे साप येतो. मण्यार रात्री फिरतो. खाली झोपलेल्याला चावला तर पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून कळतही नाही.

उपाय घरच्या घरी होतो. भोक साफ करून ओलं करा. भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी फटीत घट्ट कोंबा. चिंध्या, कागद उंदीर कुरतडतो, तार नाही. वरून १ भाग सिमेंट, ३ भाग वाळूचा माल दाबून भरा; ७ दिवस पाणी मारा. मोरीच्या बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी लावा.

एवढं करूनही साप चावलाच, तर भगताकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय गाठा.

आणि हो, गवंड्याचे पैसे चुकते करण्याआधी घरातली प्रत्येक फट बघून घ्या.