पटकीच्या जंतूचे उसने विष



आषाढी जवळ आली की शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरपूरची वाट धरते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील वडीलधाऱ्या मंडळींना विचारा. यात्रेच्या दिवसांत दंडावर टोचलेली पटकीची सुई पुष्कळांना आठवत असेल. गावात पटकी शिरली की लोक वेशीवरच्या मरीमायला साकडे घालीत. आज ती दहशत ओसरली आहे. पण रोग मात्र गेलेला नाही.

या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात वेगळा काढून दाखविला. पुढे १९५९ मध्ये कलकत्त्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले की, हा जंतू एक विष सोडतो आणि त्या विषामुळे शरीरातले पाणी आतड्यात झरू लागते. रोगी दगावतो तो अंगातले पाणी व क्षार वाहून गेल्यामुळे.

आता गंमत अशी की, नदी-खाडीच्या पाण्यात या जातीचे असंख्य जंतू असतात आणि त्यांतील बहुतेकांना हे विष तयार करताच येत नाही. एकाच कुळातले भाऊ. एक निरुपद्रवी, दुसरा जीवघेणा. हे कसे?

आपल्या भजनी मंडळातले बाड डोळ्यांपुढे आणा. बाडातली बहुतेक पाने शिवलेली असतात, ती वडिलांकडून मुलाकडे जातात. पण काही पाने सुटी असतात. ती आज या बाडात, तर उद्या शेजारच्या गावच्या बाडात! जंतूचेही तसेच आहे. त्याचा वारसा ज्यात लिहिलेला असतो, त्या जनुकांच्या बाडातही अशी फिरती पाने असतात. काही पाने दोन जंतू एकमेकांना चिकटले की इकडून तिकडे जातात. प्लाझ्मिड नावाची जनुकांची वेटोळी बहुधा याच वाटेने जातात. काही पाने जंतूंवर जगणारे विषाणू वाहून नेतात.

पटकीचे विष हे असेच उसने पान आहे. अमेरिकेतील वॉल्डॉर व मेकालॅनोस या शास्त्रज्ञांनी १९९६ साली दाखवून दिले की, विषाची जनुके एका विषाणूच्या अंगातून येतात. तो विषाणू साध्या जंतूत शिरतो, त्याच्या बाडात आपले पान शिवून टाकतो, आणि कालचा गरीब जंतू आज मारेकरी होतो. ज्या केसासारख्या तंतूंच्या आधाराने जंतू आपल्या आतड्यात ठाण मांडतो, त्याच तंतूंना धरून हा विषाणू त्याच्यात शिरतो.

पाने जागा बदलतात हे प्रथम कोठे दिसले, ठाऊक आहे? मक्याच्या कणसात! बार्बरा मॅक्लिंटॉक या बाईंनी दाण्यांवरचे रंगीत ठिपके पाहून १९४०-५० च्या सुमारास ते ओळखले. त्यासाठी त्यांना १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गुरुजींनी मका शिकविताना मुलांना हे अवश्य सांगावे.

या फिरत्या पानांवर विषाखेरीज आणखीही काही लिहिलेले असते. १९९२ च्या अखेरीस मद्रासमध्ये पटकीचा एक नवा प्रकार उद्भवला. तो जुन्याच जंतूचा वंशज होता. पण अंगावरचे आवरण बनविणारी जनुके त्याने दुसरीकडून उचलली होती. त्यामुळे जुन्या पटकीविरुद्ध ज्यांच्या अंगी शक्ती आली होती, अशी मोठी माणसेही आजारी पडली. शिवाय त्याच्याजवळ आणखी एक फिरते पान होते, ते स्ट्रेप्टोमायसिन, सल्फा अशा औषधांना न जुमानण्याचे. आणि २००४ साली असे आढळले की, काही प्रतिजैविक औषधांच्या माऱ्याने जंतू बिथरला म्हणजे हे पान अधिकच वेगाने दुसऱ्या जंतूंकडे जाते.

आता तुम्ही म्हणाल, याचा आमच्या घराशी काय संबंध? फार जवळचा आहे. पोट बिघडले की दुकानातून दोन गोळ्या आणाव्या, बरे वाटताच उरलेल्या फडताळात ठेवाव्या, आणि पुढे शेजाऱ्याला द्याव्या, ही आपली रीत. अशाने पोटातले दुबळे जंतू मरतात. पण ज्यांच्यापाशी ते पान आहे ते उरतात आणि ते पान इतरांना वाटतात. मग खरी गरज पडते त्या दिवशी औषध लागू पडत नाही.

पाण्यासारखे जुलाब होऊ लागले तर आधी पाणी आणि क्षार भरून काढा. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून पटकीचे मृत्यू शेकडा ३० वरून ४ च्या खाली आणले. ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तम. नाहीतर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचाच घ्या. थोडे थोडे पाजत राहा. डोळे खोल गेले, लघवी थांबली, गुंगी आली, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा. प्रतिजैविक द्यायचे की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या, आणि त्यांनी दिले तर सांगितल्याप्रमाणे पुरे घ्या.

जंतूंच्या बाडातली पाने आपल्याला रोखता येणार नाहीत. पण विहीर स्वच्छ ठेवणे, पाणी उकळून पिणे आणि गोळीला उगाच हात न लावणे, एवढे तर आपल्या हाती आहे ना?