हट्ट, धपाटा आणि शाबासकी

"डॉक्टर, पोरगं अजिबात ऐकत नाही, एखादं टॉनिक द्या," अशी मागणी उरणच्या माझ्या दवाखान्यात नेहमी होते. ऐकण्याचे टॉनिक अजून निघालेले नाही. मात्र तीन-चार वर्षांचे मूल कशाने ऐकते, हे बऱ्यापैकी ठाऊक झाले आहे.

मुलाला खाऊइतकेच आपले लक्ष हवे असते. ते शांतपणे खेळते तेव्हा आपण फिरकत नाही. तांदळाचा डबा उपडा केला की सारे घर धावते. ओरडा मिळाला तरी लक्ष मिळालेच! साहजिकच डबा पुन्हा उपडा होतो. ज्या कृतीनंतर हवे ते मिळते ती कृती वाढते, हा नियम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून मांडला.

तेव्हा लक्ष देण्याची वेळ बदलावी. मुलाने चपला जागेवर ठेवल्या, तर तिथल्या तिथे "चपला नीट ठेवल्यास, छान केलंस" असे म्हणावे. नुसते "गुणाचं बाळ ते" म्हटल्याने काय चांगले केले ते त्याला उमगत नाही. रात्री बाबा आल्यावर दिलेल्या शाबासकीचाही फारसा उपयोग नाही.

शाबासकी वेगळी आणि लाच वेगळी. मोरा बंदरात भाऊच्या धक्क्याच्या लाँचची वाट पाहताना मूल जमिनीवर लोळण घेते. लोक बघतात म्हणून आई वेफर्सचे पाकीट नाहीतर मोबाईल हाती देते. मूल गप्प होते खरे, पण लोळण घेतली की पाकीट मिळते हेही शिकते. चार वेळा नाकारून पाचव्यांदा दिले तर आणखी वाईट. कधीतरी लागतो म्हणूनच मटक्याचा नाद सुटत नाही, तसेच हे. हट्ट पुरवणे थांबवल्यावर पहिले काही दिवस रडणे वाढते. नेमके याच वेळी आजी-आजोबा विरघळतात! त्यांना आधीच विश्वासात घ्यावे.

धपाट्याने मूल तेवढ्यापुरते थांबते. त्याऐवजी काय करावे, हे त्याला कळत नाही.

बक्षिसांचाही अतिरेक नको. अमेरिकेत १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चित्रकलेची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र देऊ, असे आधी सांगितले. पुढे मोकळ्या वेळेत तीच मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ज्या माँटेसरी विचाराने बालशिक्षणाचे काम सुरू केले, त्यातही शिक्षा आणि आमिष दोन्ही वर्ज्य. रोज चॉकलेट दिल्याने दात किडतात ते निराळेच. माझ्या मते पाठीवरचा हात आणि रात्रीची एक जादा गोष्ट पुरेशी आहे.

एक मात्र पाहावे. हाक मारल्यावर मूल वळून बघत नसेल, किंवा दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर त्याला हट्टी म्हणू नये. आधी बालरोगतज्ज्ञांकडून कान आणि वाढ तपासून घ्यावी.