पस्तीस दिवसांची अमानत

इफ्तारनंतरच्या गप्पा राजकारणावर येतातच. कोणी पक्ष सोडला, कोणी फोडला. परवा एका पोराने विचारले, ‘राष्ट्रपती नाही, उपराष्ट्रपतीही नाही, असे झाले तर?’ असे एकदा झालेले आहे. आणि त्या वेळी जो माणूस पुढे आला, तो आपल्या नागपूरचाच म्हणावा लागेल.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम पाहू लागले. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली, पण ती पंतप्रधान इंदिरा गांधींना मनातून मान्य नव्हती. गिरी अपक्ष उभे राहिले आणि २० जुलैला त्यांनी पद सोडले. अशा वेळी काय करायचे, हे घटनेने संसदेवर सोडले होते. संसदेने मे महिन्यातच कायदा करून ठेवला होता : सरन्यायाधीशांनी काम पाहावे.

सरन्यायाधीश होते मोहम्मद हिदायतुल्ला. शिक्षण मॉरिस कॉलेजात, वकिली नागपुरात, १९४६ पासून नागपूर हायकोर्टाचे न्यायाधीश, १९५४ मध्ये तिथेच मुख्य न्यायाधीश. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. इथले दावे अपिलात त्याच कोर्टात जात. ज्या दिवशी त्यांनी राष्ट्रपतिपदाची सूत्रे घेतली, त्याच रात्री माणूस चंद्रावर उतरला. चांदरातीला गच्चीवर चढणाऱ्या आपल्यासारख्यांना ही तारीख विसरता येऊ नये.

पक्षांच्या भांडणाने सर्वोच्च पद अडचणीत येणे काही आपल्याकडेच घडले नाही. अमेरिकेची घटना लिहिणाऱ्यांनी पक्ष गृहीतच धरले नव्हते. १८००च्या निवडणुकीत जेफरसन आणि बर या एकाच पक्षाच्या दोघांना ७३-७३ मते पडली. निकालासाठी प्रतिनिधिगृहाला ३६ वेळा मतदान करावे लागले. मग १८०४ मध्ये घटनाच दुरुस्त केली.

इकडे इंदिराजींच्या गोटातून ‘विवेकबुद्धीने मत द्या’ अशी हाक गेली. १६ ऑगस्टला मतदान झाले. आपल्या महाराष्ट्राचे चिंतामणराव देशमुखही रिंगणात होते, जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर. पहिल्या पसंतीत कोणालाच बहुमत नाही. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. काही महिन्यांतच काँग्रेस दुभंगली.

या धुमाळीत हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात होते. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आले, त्यांचे स्वागत त्यांनी केले. ९ ऑगस्टला बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकावर सही केली. २४ तारखेला गिरींनी शपथ घेतली आणि हे परत कोर्टात.

सूरह निसामध्ये अमानत परत करणे आणि न्यायाने निवाडा करणे या दोन गोष्टी एकाच आयतीत येतात. मला त्यांची पुढची कृती या आयतीजवळची वाटते. बँकांचा खटला सुप्रीम कोर्टात ११ न्यायाधीशांपुढे आला, तेव्हा ते त्या खंडपीठावर बसले नाहीत. १० फेब्रुवारी १९७० रोजी, त्यांची सही असलेला तो कायदा त्यांच्याच कोर्टाने १० विरुद्ध १ मतांनी रद्द ठरवला. सरन्यायाधीश तेव्हाही तेच होते.