जुनी फ्लॉपी, नवा लॅपटॉप

आमच्या वयाच्या मुलांना फ्लॉपी ठाऊक आहे ती 'सेव्ह'च्या बटणावरचं चित्र म्हणून. पण ज्या घरात १९८५ ते २००० या काळात कोणी कॉम्प्युटरवर काम केलं असेल, तिथे माळ्यावर किंवा ट्रंकेत फ्लॉप्यांचा एखादा डबा अजून निघू शकतो. तो निघाला तर आजच्या लॅपटॉपला यू.एस.बी.ने जोडून आतलं कसं वाचायचं, ते या लेखात सांगतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत जयपूरला, मानसरोवरमधल्या आमच्या घरी मी हेच काम केलं.

कामाला कारण होतं. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. १९७१ साली त्यांच्या कंपनीत असलेल्या ११८ जवानांची यादी त्यांनी नंतर आठवून आठवून एका वहीत लिहिली होती: नंबर, हुद्दा, नाव, गाव. १९९४ मध्ये ती बेळगावात एका ओळखीच्या ऑपरेटरकडून कॉम्प्युटरवर टाइप करून घेतली. पुढे घर बदलताना वही गहाळ झाली आणि यादी फक्त फ्लॉपीवर राहिली. डब्यात एकूण ११ फ्लॉप्या होत्या, सात मोठ्या आणि चार लहान.

मोठी आणि लहान हा फरक इथे फार महत्त्वाचा आहे. पहिली फ्लॉपी आय.बी.एम.ने १९७१ मध्ये आणली, ती आठ इंची होती. १९७६ मध्ये सव्वापाच इंची आली, तीच आमची 'मोठी', हातात धरली की वाकणारी. लहान, साडेतीन इंची, कडक प्लॅस्टिकची फ्लॉपी सोनीने १९८१ मध्ये काढली. मोठीत बहुधा ३६० के.बी. मावतात, लहानीत १.४४ एम.बी. माझ्या फोनमधला एक फोटोसुद्धा यांतल्या कुठल्याच फ्लॉपीत बसणार नाही.

साडेतीन इंचीचं काम सोपं. यू.एस.बी.चा तयार फ्लॉपी ड्राइव्ह ऑनलाइन मिळतो. तो लावला की विंडोजमध्ये 'ए' नावाचा ड्राइव्ह दिसतो आणि फाइली कॉपी करता येतात. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी आधी उघडी करून ठेवा. खिडकी उघडी असली की ड्राइव्ह तिच्यावर काही लिहू शकत नाही. आमच्या चारही लहान फ्लॉप्या एका दुपारी झाल्या. त्यांत पेन्शनचा पत्रव्यवहार निघाला आणि आजीने टाइप करून घेतलेली दिवाळीच्या फराळाची मापं. घरात आनंद झाला तो फराळाचाच, पण यादी त्यांत नव्हती.

सव्वापाच इंचीसाठी असा तयार यू.एस.बी. ड्राइव्ह मिळत नाही. जुना ड्राइव्हच शोधावा लागतो. आम्हाला तो आमच्या भागातल्या कबाडीवाल्याकडे एका जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात मिळाला. त्याने तो किलोच्या भावाने दिला, आणि ड्राइव्ह चांगलाच जड होता. अशा ड्राइव्हला मागे ३४ तारांची पट्टी लागते. पूर्वी मदरबोर्डवर तिच्यासाठी जागा असायची, आता नसते. मग मधे एक छोटं सर्किट बसवावं लागतं. आम्ही 'ग्रीझवीझल' नावाचं वापरलं. कीर फ्रेझर यांनी त्याची रचना आणि सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं ठेवलं आहे. त्याच्या एका बाजूला ३४ पिना असतात आणि दुसऱ्या बाजूला यू.एस.बी.

हे सर्किट करतं काय, ते मला सगळ्यात आवडलं. फ्लॉपीच्या तबकडीवर एक आणि शून्य असे आकडे लिहिलेले नसतात. तिथे चुंबकीय दिशा ठिकठिकाणी उलटलेली असते. तबकडी फिरते आणि दिशा उलटली की ड्राइव्हचं हेड एक ठोका देतं. दोन ठोक्यांमधलं अंतर ३६० के.बी.च्या फ्लॉपीत साधारण ४, ६ किंवा ८ मायक्रोसेकंद असतं. परेडला ड्रमच्या ठोक्यांमधल्या अंतरावरून डोळे मिटूनही कुठली चाल चालली आहे ते कळतं, तसंच हे. तयार यू.एस.बी. ड्राइव्ह ठोक्यांचा अर्थ स्वतःच लावतो, आणि लागला नाही तर 'वाचता येत नाही' म्हणून मोकळा होतो. ग्रीझवीझल अर्थ लावत बसत नाही. प्रत्येक अंतर मोजून जसंच्या तसं लॅपटॉपला पाठवतं. अर्थ नंतर सॉफ्टवेअर लावतं, आणि पहिल्यांदा नाही लागला तर पुन्हा लावता येतो. खराब झालेल्या फ्लॉपीसाठी हा फरक फार मोठा आहे.

जोडताना तीन गोष्टी बघाव्या लागतात. पट्टीची लाल कडेची तार एक नंबरच्या पिनेकडे हवी. पट्टीच्या एका टोकाजवळ सात तारा पिळलेल्या दिसतात. त्या बिघडलेल्या नसतात, 'ए' आणि 'बी' ड्राइव्ह वेगळे ओळखण्यासाठी ती युक्ती होती, आणि 'ए' ड्राइव्ह पिळाच्या पलीकडच्या टोकाला लावतात. तिसरी गोष्ट विजेची. मोठ्या ड्राइव्हला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात, आणि यू.एस.बी.तून १२ मिळत नाहीत. त्यासाठी चार पिनांचा वेगळा अडॅप्टर घ्यावा. विजेचं काम मी बाबा समोर असतानाच केलं, लहान कॅडेट्सनीही तसंच करावं.

फ्लॉपी आत घालण्याआधी तिच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावा. इथे लहान फ्लॉपीच्या उलट नियम आहे: खाच झाकली की लिहिणं बंद. मग मधल्या फटीतून तबकडी उजेडात बघा, बोट लावू नका. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. जयपूरच्या कोरड्या हवेत ती नव्याने धरत नाही, पण आमच्या फ्लॉप्यांनी आधी बेळगावचे पावसाळे काढले होते. बुरशी हेडला चिकटली तर पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडे पडतात, म्हणून प्रत्येक फ्लॉपीनंतर आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसत होतो. मे महिन्यातल्या आंधीत धूळ बंद खिडक्यांतूनही घरात येते, तेव्हा ड्राइव्हवर आजीची उशीची खोळ असायची. सुरुवात मात्र बिनकामाच्या फ्लॉपीने करावी. ड्राइव्ह नीट चालतो याची खात्री झाल्याशिवाय महत्त्वाची फ्लॉपी त्यात घालूच नये.

३६० के.बी.च्या फ्लॉपीला दोन बाजू, प्रत्येक बाजूला ४० वर्तुळं आणि प्रत्येक वर्तुळात ९ तुकडे असतात. या तुकड्याला सेक्टर म्हणतात. एका सेक्टरमध्ये ५१२ अक्षरांची जागा असते आणि शेवटी दोन बाइटांचा ताळा. वाचलेला मजकूर ताळ्याशी जुळला तर सेक्टर बरोबर. आमच्या सातपैकी सहा फ्लॉप्यांचा प्रत्येक सेक्टर जुळला. सातवीवर यादी होती. तिच्यात एक सेक्टर अडला. तिथला थरच बुरशीने खाल्ला होता. चाळीस वेळा वाचूनही ताळा जुळला नाही.

बाकीची यादी हाती आली, पण वाचता येईना. फाइल उघडली तर पडद्यावर युरोपातल्या भाषांची टोप्या घातलेली अक्षरं. फाइल खराब नव्हती, लिपीची पद्धत जुनी होती. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेलं 'जिस्ट'चं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. मोहन तांबे त्या गटाचे प्रमुख होते. त्यांचं जिस्ट कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं की डॉसवरही मराठी दिसायची. त्यातली अक्षरं 'इस्की' या भारतीय मानकाप्रमाणे साठवली जात. इस्कीत 'क'चा आकडा १७९ आहे. आजच्या युनिकोडमध्ये 'क'चा आकडा २३२५ आहे. युनिकोडमधला देवनागरीचा क्रम इस्कीवरूनच घेतलेला असल्यामुळे रूपांतर अवघड नाही. आमच्या कॉम्प्युटरच्या सरांनी फोनवर दिशा दाखवली आणि पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहून काम झालं.

जिस्टऐवजी नुसता फॉण्ट वापरून टाइप केलेल्या फाइली जास्त त्रास देतात. आजीची मापं तशी होती. अशा फॉण्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, टाइपरायटरसारखी, आणि रफार अक्षरानंतर. म्हणून नुसते आकडे बदलून भागत नाही, अक्षरांची जागाही बदलावी लागते. राजस्थानात हिंदी टायपिंगसाठी कृतिदेव फॉण्ट अजून वापरला जातो, त्याचीही हीच तऱ्हा आहे. म्हणजे हा प्रश्न फक्त जुन्या फाइलींचा नाही.

फ्लॉपी म्हणजे केवळ भंगार असं कोणी म्हणालं तर त्याला सांगायला एक गोष्ट आहे. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलाच्या संदेशयंत्रणेत आठ इंची फ्लॉपी २०१९ पर्यंत चालू होती, आणि जपान सरकारने आपल्या नियमांतून फ्लॉपी काढली ती २०२४ मध्ये. वस्तू टिकते. अडचण ती वाचणाऱ्या यंत्राची आणि लिपीची होते.

आता त्या एका सेक्टरबद्दल. यादीतल्या एका ओळीला साधारण ५० अक्षरं लागली आहेत, त्यामुळे ५१२ अक्षरांबरोबर दहा ओळींचा मजकूर गेला. ६२व्या ओळीत नंबर आणि 'नाईक' एवढंच उरलं आहे. ६३ ते ७१ पूर्ण कोऱ्या आहेत. ७२व्या ओळीत फक्त शेवटचा शब्द आहे, 'चंदगड'. मी यादी मोठ्या अक्षरांत छापून आजोबांना दिली. त्यांनी चष्मा पुसून आधी १ ते ६१ वाचली, मधे दोनदा थांबले, मग ७३ पासून शेवटपर्यंत. नंतर पेन मागितलं. चंदगडचा कोण, ते त्यांनी लगेच लिहिलं. बाकीच्यांसाठी जुन्या सोबत्यांना फोन चालू आहेत. मी शाळेत परत आलो तेव्हा नऊ कोऱ्या ओळींपैकी पाच भरल्या होत्या. गेल्या रविवारच्या फोनवर आजोबांनी सहावं नाव सांगितलं.