गाईचा क्षय, माणसाचा क्षय : जंतू एकाच कुळीचे



गाय दिवसेंदिवस वाळत चालली आहे, चारा खाते पण अंगी लागत नाही, मधूनच ढासते. दूध मात्र देते. अशा गाईचं दूध घरात प्यावं का? तिचा रोग माणसाला होतो का?

या प्रश्नानं मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही चकवलं होतं. क्षयाचा जंतू जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधला. पुढे १८९८ मध्ये अमेरिकेच्या थिओबाल्ड स्मिथ यांनी दाखवून दिलं की, गाईचा आणि माणसाचा जंतू हुबेहूब एक नाही. सशाला गाईचा जंतू टोचला तर तो लवकर दगावतो, माणसाचा टोचला तर बहुधा तग धरतो. कॉख यांनी माणसाचे जंतू वासरांना देऊन पाहिले. वासरं आजारी पडली नाहीत. तेव्हा १९०१ साली लंडनच्या परिषदेत त्यांनी सांगून टाकलं, की गाईच्या क्षयाचं माणसाला फारसं भय नाही. एवढा थोर माणूस, पण इथं चुकला! ब्रिटिश सरकारच्या आयोगानं दहा वर्षं तपास करून १९११ मध्ये निर्वाळा दिला : गाईचा जंतू दुधातून माणसाला, त्यातही लहान मुलांना, बाधतो.

दोन्ही जंतूंची आनुवंशिक रचना आता अक्षर न् अक्षर वाचून झाली आहे. दहा हजार अक्षरांत पाचांचाही फरक नाही. पण तेवढ्या फरकानं वागणं बदलतं. माणसाचा जंतू मुख्यतः खोकल्यातून पसरतो आणि फुप्फुसात घर करतो. गाईचा जंतू निरशा दुधातून पोटात गेला, की मानेच्या गाठी (आपण गंडमाळा म्हणतो त्या), आतडी, हाडं धरतो. गोठ्यात गाईच्या श्वासातून गेला तर फुप्फुसंही सुटत नाहीत. बाळाला टोचतात ती बीसीजी लसही गाईच्याच जंतूपासून, तेरा वर्षं प्रयोगशाळेत वाढवून त्याचा जोर मोडल्यावर तयार झाली, बरं का!

म्हणून धारोष्ण दूध पिण्याची सवय सोडा. ‘आमचे आजोबा तसंच प्यायचे’ हे खरं, पण जनावराकडे नुसतं बघून रोग कळत नाही. धडधाकट दिसणारी गाय-म्हैसही जंतू बाळगून असू शकते. दूध चांगलं उकळी येईपर्यंत तापवा, जंतू मरतो. दही लावायचं तेही तापवलेल्या दुधालाच.

संशय आला तर जनावर वेगळं बांधा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. डॉक्टर मानेच्या कातडीत सुई टोचतात आणि ७२ तासांनी सूज मोजतात.

घरात कुणाला क्षय असेल तर त्यानं गोठ्यात, गव्हाणीजवळ थुंकू नये, औषधांचा कोर्स अर्धवट सोडू नये. माणसाचा जंतू जनावरालाही क्वचित लागतो. आणि दवाखान्यात गेल्यावर आपल्याकडे जनावरं आहेत, आपण निरसं दूध पीत होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. क्षयावर नेहमी देतात त्यांपैकी पायराझिनामाइड हे औषध गाईच्या जंतूवर चालत नाही. ही माहिती मिळाली तर कोणती औषधं द्यायची, ते डॉक्टरांना ठरवता येईल.